मास्तरांचे तळवे

माझे धाकटे दीर शिंपी. गल्लीत सगळे मास्तर म्हणतात. मशीन कायम अनवाणी चालवायचे. "वहिनी, बूट घालून पायडल मारणं म्हणजे हातमोजे घालून जेवणं. तळव्याला वेग कळला पाहिजे."

शुगर निघाली तरी सवय तीच. दवाखान्यातली सिस्टर दर खेपेला भिंतीवरची चित्रं दाखवून समजवायची, पाय रोज बघा, अनवाणी राहू नका. चित्रं असल्यामुळे मलासुद्धा कळायचं. मास्तरांपुढे मात्र पालथ्या घड्यावर पाणी. म्हणायचे, "दुखत नाही, खुपत नाही, बघायचं काय?"

एका खेपेला सिस्टरने चित्रं दाखवलीच नाहीत. मास्तरांना आडवं केलं, डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा बारीक तंतू हातात घेतला.

"टोचलं की सांगायचं हं, मास्तर."

"हां, अंगठा. आता करंगळी!" मास्तर रुबाबात सांगत होते. सिस्टर हाताची घडी घालून उभी. मी हसू दाबलं. मग तिने खरोखर टोचायला सुरुवात केली, तर मास्तर गप्प. तेव्हा माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

तिने तळव्यासमोर आरसा धरला. "बघा आता."

चवड्यात टाचणी रुतली होती. डोकं तेवढं वर, भोवती लाल.

"टाचण्यांचा डबा सांडला होता खरा, परवा," मास्तर पुटपुटले.

"आणि तेव्हापासून ह्याच पायाने मशीन?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. पाय म्हणजे त्यांचं पोट. "सिस्टर, कापावा तर लागणार नाही ना?"

"लवकर सापडलं. सांभाळलात तर नाही लागणार."

जखम भरेपर्यंत दुकान बंद होतं. नंतर बूट आले, आणि रोज संध्याकाळी आरसा. माझी जाऊ म्हणते, "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं तोंड कधी एवढं न्याहाळलं नाही!"

बुटातल्या पायाला वेग कळेना. पहिलीच पँट घेऊन गिऱ्हाईक परत आलं. "मास्तर, ही शिवण काय पिऊन आलीय का?"

एरवी मास्तरांनी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. मला वाटलं, आता बूट भिरकावतात. त्यांनी एकदा खाली पायांकडे पाहिलं.

"शिवण उसवून परत घालता येते," म्हणाले, आणि बूट न काढताच उसवायला बसले.