पित्ताशय नसलेल्या ओडीलबाई

नॉर्मंडीतल्या आमच्या गावात, शाळेच्या खानावळीत ओडील लकाशो बावीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. मी त्याच शाळेत शिकवते. चाळिशीत खड्यांपायी बाईंचं पित्ताशय काढलं. पुढचा दीड महिना त्यांनी उकडलेले बटाटे आणि डॉक्टरांचं डोकं खाल्लं. प्रश्न एकच: पोटात गेलेल्या लोण्याचं पुढे होतं काय?

हे ज्ञान कधी कामी येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण खानावळ ज्यांच्या अखत्यारीत, ते आमचे मेयर फिर्मँ ओव्हेल आठवडाभर एका आरोग्यधामात राहून आले. वजन दोन किलो घटलं, शहाणपण मात्र भलतंच वाढलं. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं: खानावळीत लोणी, साय, तेल बंद.

बाईंनी वाद घातला नाही. गाजरं नुसत्या पाण्यात उकडली. मुलांनी ती जशीच्या तशी परत केली. ताटं खरवडताना बाईंचे डोळे भरून आलेले मी पाहिले. पालकांनी तक्रार केली, तर मेयर म्हणाले, "होईल सवय."

मग गावातल्या वृद्धांचं वार्षिक जेवण आलं. तेही त्याच खानावळीत. मेयर मधोमध विराजमान. ताटात उकडलेला मासा, उकडलेलं गाजर आणि सॉस म्हणून पाण्यात कालवलेलं व्हिनेगर.

"बाई, लोणी कुठंय?"

"तुमच्या फर्मानात, साहेब."

"अहो, ते मुलांसाठी होतं!"

"अस्सं! वाढत्या अंगाला बंद आणि तुमच्या पोटाला चालू. माझ्या लक्षातच नाही आलं."

म्हातारे खदाखदा हसू लागले. मेयर लालबुंद झाले. "चरबी म्हणजे विष! मी व्याख्यान ऐकलंय."

"ऐकताना मेंदू जवळ होता ना? त्यातलं पाणी वगळलं, तर उरलेल्यात निम्मी चरबीच असते. शरीरातल्या प्रत्येक पेशीचं आवरणसुद्धा तिचंच."

बाईंनी बरणीत पाणी आणि फर्मानाआधीचं उरलेलं तेल ओतून खळखळ हलवलं. क्षणात तेल वर आलं. मग त्यात अंड्याचा बलक घालून पुन्हा हलवलं. सगळं दुधासारखं एकजीव झालं.

"बलकात चरबीचाच एक प्रकार असतो. त्याच्या कणाचं डोकं पाण्याकडे धावतं, शेपट्या तेलाकडे, म्हणून दोन्ही एकत्र राहतात. आतड्यात हेच काम पित्त करतं. तेलाचे बारीक थेंब झाले की स्वादुपिंडाचा रस ते तोडतो, मग तेल अंगी लागतं. गाजरातलं डोळ्यांचं जीवनसत्त्वही तेलाच्याच सोबतीनं आत शिरतं. नुसतं उकडलेलं गाजर म्हणजे बरंचसं फुकट."

"पण तुमचं तर पित्ताशयच काढलंय!" मेयरांना वाटलं, बाई सापडल्या.

"ती नुसती साठवणीची पिशवी, साहेब. पित्त यकृतात होतं. माझं थेंबथेंब झिरपतं, म्हणून मी थोडंथोडं खाते. तुमचं सगळं शाबूत आहे, तरी तुम्हाला काही पचत नाही."

आता मेयरांचे सख्खे काकासुद्धा टेबल बडवू लागले. मेयरांनी गाजर गिळलं.

सोमवारी खानावळीच्या दारावर नवी सूचना लागली: "मेयरांच्या सखोल अभ्यासाअंती, मुलांच्या आरोग्यासाठी प्रत्येक ताटात चमचाभर लोणी किंवा तेल देण्यात येईल."

बाईंनी ती दोनदा वाचली, "सखोल" खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि कढई तापत ठेवली.