गुडघ्यात अडकलेली गादी

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोरगावच्या बगीच्यात आम्ही बाया संत्री निवडून राहिलो होतो. उकिडवी बसल्या बसल्या टोपली ओढायला वळले आणि गुडघ्यात कट्कन वाजलं. उठायला गेले तर पाय सरळच होईना. मोठ्या भावानं मला उचलून सौंसरला घरी आणलं.

त्यानं तिगावहून हाड बसवणारा बोलावला. गुडघा चाचपताना त्याच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. तो बोलला की थुंकी माझ्या पोटरीवर उडायची. अंडं, हळद आणि कसलंसं जुनं तेल कालवून त्यानं लेप चढवला, वरून चिंध्या गुंडाळल्या. थोड्याच दिवसांत असा वास सुटला की मला माझ्याच पायाची किळस यायला लागली. चिंध्यांवर माश्या बसायच्या. वहिनी ताट ठेवताना नाकाला पदर लावायची. पुढच्या खेपेला पाय झटक्यानं ओढणार, असं तो म्हणाला. मी भावाला म्हटलं, "दादा, याले आता हात नको लावू देऊ. मले नागपूरले ने."

नागपूरच्या डॉक्टरांनी आधी तो लेप धुवायला लावला. पाणी काळं-पिवळं वाहिलं. मग त्यांनी समजावलं. गुडघ्याच्या हाडांमध्ये चंद्रकोरीसारखी गादी असते, ती अंगाचा भार पसरवते. माझी गादी लांबीच्या दिशेनं फाटून आतली कड बादलीच्या कडीसारखी मध्ये सरकून अडकली होती. पुष्कळदा ती कापूनच टाकतात, पण मग भार थोड्याशाच जागेवर येतो आणि हाड झिजतं. माझी बाहेरच्या काठाशी फाटली होती, तिथं रक्त पोचतं, म्हणून जुळायची आशा होती.

"कड जागेवर बसवून फाटीला आडवे टाके घालतो," ते म्हणाले. "पण उकिडवं बसलात तर गादी मागं ढकलली जाईल अन् टाके उसवतील."

ऑपरेशननंतर पाय प्लास्टरात गेला. शौचालाही खाटेवरच भांडं लागायचं. ते वहिनी उचलायची, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची.

प्लास्टर कापलं तेव्हा आतून आंबट वास आला. मेलेल्या कातडीचे पापुद्रे सुटले, मांडी काठीसारखी वाळली होती. माझ्यानं बघवेना. डॉक्टरांनी मात्र गुडघा हळूच दाबून पाहिला आणि पाय सरळ करायला सांगितलं. तो झाला. भावाचा खांदा धरून मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत चालत गेले.