नकाशातलं कोरं घर

शाळेत खिचडी रांधणाऱ्या चांगुणाबाईला अख्खं नवं गाव मावशी म्हणायचं. भूकंपाला एकतीस वर्षं झाली. जुनं गाव पडलं, तीन किलोमीटरवर सरळ रस्त्यांचं नवं गाव उभं राहिलं. तेव्हापासून चांगुणाबाईनं जुन्या गावठाणात पाय ठेवला नव्हता. रानात जायचं तरी ती लांबच्या वाटेनं जायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "तिकडं बाभळीचे काटे लई हायत बाबा."

नववीच्या रूपाली मॅडमची एक रीत होती. शाळा सुटली की तासभर पोरांनी गावाच्या उपयोगाचं काम करायचं आणि त्या कामातूनच शिकायचं. यंदा जुन्या गावाचा नकाशा करायचा होता. कोण कुठं राहत होतं, त्या घरातलं कोण गेलं, सगळं लिहायचं. कारण हे सांगणारी माणसंच कमी होत चालली होती. पण म्हाताऱ्यांना त्या बाभळीत काही ओळखू येईना. मग पोरांनीच शक्कल काढली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, वेशीपाशी उभं करायचं आणि म्हणायचं, "आजोबा, आता घरी चला." डोळे विसरले होते, पाय विसरले नव्हते. पोरं मागून चुन्याची फक्की टाकत जायची.

गुरुवारी कढई घासताना चांगुणाबाईनं तो कागद पाहिला. नुसते चौकोन न् नावं. एक जागा मात्र कोरी, आडाच्या उजव्या हाताला.

"हे का सोडलं रे, लखन?"

"तिथं कुणी जात न्हाई मावशी. ल्हान लेकरू रडतंय तिथं."

"मोर ओरडत असेल रे," मॅडम म्हणाल्या.

"थोपटलं की मोर गप बसतो का म्याडम?" लखननं विचारलं.

"कुणी थोपटलं?"

त्याच्याच वर्गातली बबिता पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाली, "म्या. मातीवर उगं हात ठिवला. निजवतेत तसा."

चांगुणाबाईनं हातातली कढई खाली ठेवली. "ते माझं घर हाय," ती म्हणाली.

परवा, शनिवारी, नकाशा शाळेच्या भिंतीवर रंगवायचा होता. ही जागा कोरी राहिली असती, तर तिची लेक जन्मालाच आली नव्हती असं झालं असतं.

लेक नऊ दिवसांची होती. त्या पहाटे चांगुणाबाईला लोकांनी ओढून बाहेर काढलं. पाळण्यातली लेक आणि सासू धुरपताबाई आतच राहिल्या. "जागीच गेल्या, हाल झाले न्हाईत," सगळे म्हणाले. त्यावरच ती एकतीस वर्षं तगली होती. एक काटा तेवढा सलायचा. सासूला नात नकोच होती. नऊ दिवसांत तिनं लेकराला एकदाही हातात धरलं नव्हतं. अशा बाईजवळ लेक राहिली.

शुक्रवारी ऊन कललं तेव्हा मॅडमनी वेशीत तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला.

"मावशी, नको वाटलं तर परत फिरू."

"चला हो."

पाय चालू लागले. आडापाशी वळले. एका जागी ती कमरेत वाकली, पाय उचलून नसलेला उंबरा ओलांडला आणि थांबली. पोरं बाहेरच उभी राहिली. वारा पडला होता. कुठंच पाखरू बोलत नव्हतं.

"हितं म्हातारीचं अंथरूण. हितं पाळणा."

"नावं सांगा," लखननं बाहेरूनच वही उघडली.

"धुरपताबाई. दुसरीला नाव न्हाई. बारसं राहिलं."

"मग रकाना कसा भरू?"

"ठिवू की नाव," बबिता म्हणाली. "मी होते आत्या."

"बबिता, थट्टा नको," मॅडम म्हणाल्या. पण पोरगी आत गेलीच. आत्या बाळाच्या कानाशी वाकते तशी मातीशी वाकली.

तेवढ्यात रडू आलं. बारीक, दमलेलं, अगदी पायाखालून. सगळ्यांनी ऐकलं. मॅडमनीही ऐकलं. बबितानं हात ठेवला आणि ते थांबलं. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. उठली तेव्हा तिच्या गालाला माती लागली होती.

"मावशी, ठिवलंय म्हणं नाव. राजकन्या."

"कोण म्हणं?"

"म्हातारी हाय एक. मिसरीचा वास येतोय तिच्या तोंडाला. म्हणती, बाराव्या दिवशी मीच बारसं केलं. पाळणा मोडला हुता, म्हणून मांडीवरच केलं."

चांगुणाबाईनं रुमाल सोडला. समोर बाभळी होत्या, चुन्याची रेघ होती. मॅडमनी तोंडावर हात धरला होता. नवव्या दिवशी घर पडलं, नाव बाराव्या दिवशी ठेवलं. मधले तीन दिवस दोघी खाली जित्या होत्या.

लखनला काही उमगलं नव्हतं. "म्याडम, वय काय लिहू? नऊ दिवस का बारा?"

चांगुणाबाई खाली बसली. सासूची मांडी असेल त्या जागेवर तिनं तळहात टेकला.

"बारा लिही, बाळा," ती म्हणाली. "न् आजीच्या नावाला चिटकूनच लिही."