ठराव क्रमांक सहा

सात वर्षांपूर्वीचा, ऑगस्टमधला शेवटचा रविवार. सकाळी साडेदहाची वेळ. रत्नागिरीतल्या आमच्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा. सभासद चारशे बारा, गणसंख्येला हवेत त्र्याऐंशी, हजर तेवीस. टेबलामागे अध्यक्ष आणि मानद कार्यवाह म्हणून मी. हे आकडे वहीत आहेत आणि ते बरोबर आहेत. त्या दिवसाचं जे वहीत नाही, ते आजवर मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी बँकेचा पासवर्डसुद्धा लपवत नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलो. वडील तिथल्या जलविद्युत प्रकल्पाच्या गोदामात होते. नटबोल्ट मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे. तो स्वभाव माझ्यात उतरला. पुढे कचेरीत हिशेबाचंच टेबल मिळालं. वाचनालयाची इतिवृत्ताची वही माझ्याकडे आली तेव्हा ती खाडाखोडीने बरबटलेली होती. मी नवी वही घातली, आणि त्या रविवारपर्यंत अकरा वर्षांत तिच्यात एकही खाडाखोड झाली नव्हती. तपासणीला येणारे साहेब ती वही दुसऱ्या वाचनालयांना दाखवायला सांगत. ही गोष्ट लक्षात ठेवा. सगळं तिच्यापाशीच येणार आहे.

अशा सभांना तुम्ही गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. माणसं पुरेशी नसली की अध्यक्ष सभा तहकूब करतात. अर्ध्या तासाने तीच माणसं त्याच खुर्च्यांवर पुन्हा बसतात, आणि या दुसऱ्या खेपेला गणसंख्येची अट नसते. मधल्या वेळात चहा होतो. दरवर्षी हे असंच. म्हणून मी इतिवृत्त आदल्या दिवशीच घरी लिहून ठेवत असे. पक्क्या शाईने. 'सभा तहकूब करण्यात आली व अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी सुरू झाली' — हे लिहिलेलं असायचं. ठराव, सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर' — सगळं तयार. रिकामी ठेवायची ती फक्त हजेरीची आणि वेळेची जागा.

हे चूक होतं का? होतं. पण मला सांगायचंय ते हे नाही.

त्या वर्षीचा सहावा ठराव मागच्या खोलीबद्दल होता. स्पर्धा परीक्षांची मुलं जिन्यात बसून अभ्यास करत. खोली रिकामी करून तिथे अभ्यासिका करायची, आणि तिथल्या कपाटांतली जीर्ण पुस्तकं व कागद रद्दीत काढायचे. हेतू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन.

त्या खोलीतल्या शेवटच्या कपाटात नऊ वह्या होत्या. राजिवड्याच्या एका तांडेलाच्या. गलबत चालवणाऱ्या माणसाच्या. त्यांच्या मुलीने, हमीदाबाईंनी, वडील गेल्यावर त्या वाचनालयाला दिल्या होत्या. हमीदाबाई निवृत्त शिक्षिका. गावातली निम्मी मुलं त्यांच्याकडे पाढे शिकलेली. मी एकदा त्या वह्या चाळल्या होत्या. कुठल्या दिवशी जयगड सोडलं, वारा कसा होता, मंगळुरी कौलं किती भरली. आणि एके ठिकाणी — 'वाटेत फुटली एकोणीस'. फुटलेल्या कौलांचाही आकडा लिहिणारा माणूस. मला तो फार आवडला होता.

चहाच्या वेळात हमीदाबाई माझ्याजवळ आल्या.

"ते शेवटचं कपाट या ठरावात येतं काय?"

"सभेत विचारा ना बाई," मी म्हटलं. "सभा त्यासाठीच असते."

त्यांनी मी सांगितलं तसंच केलं. सहावा ठराव वाचून झाल्यावर त्या उभ्या राहिल्या. "यादी कुठाय? आधी यादी वाचा, मग हात वर करायला सांगा."

आमचे अध्यक्ष जुन्या वळणाचे, बोलायला गमतीदार. "अहो बाई, वाळवीनं खाल्लान त्याची कसली यादी करताय? वाळवीला विचारू काय?"

सगळे हसले. मीही हसलो.

हमीदाबाई हसल्या नाहीत. "खाल्लं असेल तर तेही लिहा. अमुक वही, इतकी पानं खाल्ली. यादी झाल्याशिवाय एक कागद बाहेर जाता कामा नये. माझा विरोध आहे. लिहून घ्या." मग माझ्याकडे वळून पुन्हा — "लिहून घेतलात ना?"

"हो बाई, घेतला," मी म्हटलं.

आणि घेतलाही होता. पेन्सिलीने, एका चिठ्ठीवर. बावीस विरुद्ध एक. ठराव तरीही मंजूरच झाला असता, मग तो एक लिहायला काय हरकत होती? पण घरी येऊन वही उघडली तेव्हा सहाव्या ठरावाखाली माझ्या अक्षरातलं 'सर्वानुमते' वाळून पक्कं झालेलं होतं. ते खोडावं लागलं असतं. अकरा वर्षांतली पहिली रेघ! मग हजेरीच्या जागी तेवीस नावं लिहिली, वेळ भरली आणि वही मिटली.

दुसऱ्या आठवड्यात टेम्पो आला. वजन माझ्यासमोर झालं. सहाशे चाळीस किलो, अकरा रुपये दराने सात हजार चाळीस. पावती फाडली, रक्कम त्याच दिवशी खात्यावर भरली. त्या गठ्ठ्यांत नऊ वह्या होत्या का? होत्याच असणार. मी पाहिलं नाही. माझं लक्ष काट्यावर होतं.

पुढच्या वर्षीच्या सभेत पहिला विषय — मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. हमीदाबाई तिसऱ्या रांगेत होत्या. मी उठून विचारलं, "वाचलं असं समजायचं ना?" आठ-दहा जण "हो, हो" म्हणाले. दरवर्षी मी ते इतिवृत्त पूर्ण वाचत असे. त्याच वर्षी वाचलं नाही. याला विसरणं म्हणतात का?

तरीही हेही नाही. खरं ते यापुढे आहे.

दोन वर्षांनी हमीदाबाईंचे थोरले भाऊ इक्बालशेठ मुलीच्या लग्नासाठी मस्कतहून आले. त्यांना नातवंडांना वह्या दाखवायच्या होत्या. ते वाचनालयात आले, तेव्हा समितीतल्या कोणीतरी सांगितलं — त्या रद्दीत गेल्या, तुमच्या बहिणीसमोरच ठरलं, एकमताने. इक्बालशेठ बहिणीकडे गेले. तिने अब्बांच्या वह्या रद्दीत घालायला हात वर केला, असं त्यांना वाटलं. 'मी विरोध केला होता,' असं हमीदाबाई सांगत राहिल्या. ते म्हणाले, लिहिलेलं दाखव. हे सगळं मला हमीदाबाईंनीच सांगितलं, वाचनालयाच्या काउंटरसमोर उभं राहून. त्यांना इतिवृत्ताची प्रत हवी होती. त्यांचा चेहरा निर्धास्त होता. लिहून घेतलं आहे हे त्यांना माहीतच होतं ना!

मी तीन पानांची झेरॉक्स काढली. प्रत्येक पानावर 'सत्यप्रत' असा शिक्का मारला. खाली सही केली.

त्यांनी तिसरं पान वाचलं. मग पहिलं. हजेरीच्या नावांत स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. "हे बघा, मी हजर आहे," त्या म्हणाल्या. "माझं बोलणं तेवढं नाही." माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला तर आठवतं ना, भाऊ? तुम्हीच घेतला म्हणालात."

काउंटरवर ग्रंथपाल होती, पेपर वाचणारे दोघे-तिघे होते. एक वाक्य बोलायचं होतं — बाई, चूक माझी आहे, मी लिहून देतो. ती चिठ्ठीसुद्धा घरी होती. आजही आहे. मग मी काय म्हणालो?

"वहीत आहे तेवढंच मला सांगता येतं, बाई."

हीच ती गोष्ट. आळस नव्हे, विसर नव्हे. त्या खरं बोलत होत्या हे माहीत असलेला आणि ते सांगू शकणारा माणूस मी होतो, आणि मी वही पुढे केली.

लग्नाचं आमंत्रण समितीलाही होतं. मी गेलो, जेवलो. हमीदाबाई तिथे नव्हत्या. इक्बालशेठ पुढे मस्कतलाच वारले. बहीणभाऊ शेवटपर्यंत बोलले नाहीत, हे मला त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं. गेल्या वर्षी मी कार्यवाहपद सोडलं तेव्हा मला शाल दिली, आणि अध्यक्षांनी ती वही उंच धरून सभेला दाखवली.

हे ज्या अंकात छापून येईल, तो अंक वाचनालयाच्या टेबलावर येतो. हमीदाबाई अजूनही मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, खिडकीजवळ बसून सगळे अंक वाचतात. हाही त्यांच्या हातात पडेल. म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहिलं आहे.

एक नोंद राहिली. त्या दिवशी हमीदाबाईंनी प्रतीची घडी घातली. मग पर्स उघडून त्यांनी विचारलं, "किती झाले?" तीन पानं, पानाला पाच रुपये. त्यांनी वीसची नोट दिली. मी पाच रुपये परत केले, पंधरा वाचनालयाकडे जमा केले आणि त्यांच्या नावाने पावती फाडली.