शुक्रवारची उलटी बाजू

आमच्या कंपनीत नवं काही निवडायचं झालं, की शुक्रवारी चहानंतर बसायचं आणि ज्याला जे हवं असेल त्यानं त्याच्याच विरुद्ध बोलायचं. हा नियम माझ्या मित्राचा. सदाशिव पेठेत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघांनी वेबसाइट बनवायची ही कंपनी काढली, तेव्हापासूनचा. "आपलं म्हणणं खरं असेल, तर ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला काय हरकत आहे?" असं तो म्हणे. कुणी उलटी बाजू उरकून टाकू लागलं, तर म्हणे, "जीव ओतून बोला. पगार त्याचाच आहे."

मागच्या हिवाळ्यात तो गेला. मागे त्याची चौकट राहिली. प्रत्येक वेबसाइट कोऱ्या पानापासून लिहावी लागू नये, म्हणून त्यानं स्वतः तयार करून ठेवलेला कोड. आमचं सगळं काम त्याच्यावर उभं होतं. फॉर्ममध्ये चूक झाली की त्यातून जे मराठी संदेश उमटत, तेही त्याचेच. जन्मतारीख चुकून पुढची टाकली, तर पडद्यावर येई : "अजून जन्मायचं आहे का? मग घाई नाही." एका ग्राहकाची यावर तक्रार आली होती. "चिडला म्हणजे वाचलं त्यानं," एवढंच बोलून हा पुन्हा कामाला लागला.

उन्हाळ्यात मांजरी गावातल्या एका रोपवाटिकेचं काम आलं. उसाची रोपं शेतकऱ्यांना फोनवरून मागवता यावीत, असं त्यांना हवं होतं. आमच्याकडे तीनेक वर्षं असलेली मुलगी म्हणाली, "सर, हे नवीन फ्रेमवर्कमध्ये करू या ना. सगळं जग तेच वापरतंय." मला ते नको होतं. एकदा नवं काम अशा बाहेरच्या तयार चौकटीत सुरू झालं, की मित्राची चौकट कुणी पुन्हा उघडणार नाही, हे मला कळत होतं. मी फक्त म्हणालो, "शुक्रवारी बोलू."

नियमाप्रमाणे जुन्याची बाजू तिच्याकडे गेली. ती आधी बोलली.

"ही चौकट हलकी आहे. साध्या फोनवरही पटकन उघडते. आणि सर, मी सगळे संदेश वाचून काढले. नाव न लिहिता पुढे गेलं की म्हणते, 'नाव राहिलं. आई-वडिलांनी ठेवलं असेलच.' सांगा, कुठलं फ्रेमवर्क असं बोलतं?"

सगळे हसले. तो गेल्यापासून त्या खोलीत एवढं हसू मी ऐकलं नव्हतं.

मग माझी पाळी. चार वाक्यांत आटपायचं असं मी घरून ठरवून आलो होतो. पण त्या खोलीत त्याचं 'जीव ओतून बोला' विसरणं अवघड होतं. मी म्हणालो, "शेतकरी बांधावर उभा आहे. अर्धा फॉर्म भरला आणि रेंज गेली. जुन्या चौकटीत भरलेलं सगळं पुसलं जातं. नव्या फ्रेमवर्कमध्ये ते जपून ठेवायची सोय तयार आहे. जुनीतही करता येईल, पण तिची आतली गुंतागुंत एकालाच ठाऊक होती. आणि तो आता नाही."

तोवर ऑफिसात मी 'तो असता तर' असंच म्हणत आलो होतो. 'नाही' हे माझ्या तोंडून तिथे पहिल्यांदा निघालं. खाली दवाखान्यात दात कोरायचं यंत्र चाललं होतं. ते थांबलं.

"पटलं सर," मुलगी हळूच म्हणाली. "पण आता मला जुनंच ठेवावंसं वाटतंय."

"आणि मला नवं," मी म्हणालो.

आमचे हिशेब बघणाऱ्या बाई कपबशा उचलता उचलता म्हणाल्या, "अहो, मग आता पुन्हा बाजू बदला. तोवर मी दुसरा चहा टाकते."

शेवटी काम नव्यात करायचं ठरलं. बांधावरच्या माणसानं भरलेलं पुसलं जाऊन चालणार नव्हतं.

काही आठवड्यांनी तिनं फॉर्म तपासायला माझ्याकडे दिला. नाव न भरता मी पुढे गेलो. 'नाव राहिलं. आई-वडिलांनी ठेवलं असेलच.' त्याचे संदेश तिनं एकेक करून नव्या चौकटीत आणले होते. मी सांगितलं नव्हतं. मग रोपं कधी हवीत, तिथे मी मुद्दाम कालची तारीख टाकली.

'काल? तिकडे आमची गाडी जात नाही.'

मी ते दोनदा वाचलं. "हा त्याचा संदेश कुठे होता? माझ्या पाहण्यात नाही."

"त्यांचा नाही, सर. माझा आहे. काढू का?"

"मांजरीवाले चिडतील."

"चिडले म्हणजे वाचलं," ती म्हणाली.

मी कालची तारीख खोडली, परवाची टाकली आणि फॉर्म पुढे गेला.