दिसणारं रफू

आमची ही रफू करते. कसं? भोक पडलेला कोट तिच्याकडे द्या, परत नेताना तुम्हीच म्हणाल, भोक होतं तरी कुठे! मी शिंपी आणि तिचा नवरा, पण मलाही सापडत नाही. गिऱ्हाईक कपडा बगलेत मारून चालू लागतं, हिचं नावसुद्धा विचारत नाही. माझा नुसता जळफळाट होतो. हिला काही नाही!

तर वस्तुसंग्रहालयात देशोदेशीचे जुने कपडे सांभाळायला रफूगार हवी होती. परीक्षा म्हणून हिला एका मेंढपाळाचा लोकरी डगला दिला, शंभरेक वर्षांचा, कोपरापाशी कसरीने खाल्लेला. हिने जीव ओतला. निकालाच्या दिवशी मीही दुकान बंद करून सोबत गेलो.

तिथल्या मोठ्या बाईंनी डगला उलटसुलट करून पाहिला. "सुरेख. आता रफू कुठून कुठपर्यंत आहे, दाखवा."

ही खुशीत हसली. "तेच तर बाई, दिसतच नाही!"

"मग पंचाईत आहे. मूळचं कुठलं आणि आपलं कुठलं, हे पुढच्या माणसाला कळायला हवं. तुम्हालाच सापडेना, तर तुम्हाला कामावर कशी घेऊ?"

हिचा चेहरा खर्रकन उतरला. डगला खिडकीपाशी नेला, भिंग लावलं. छे! मी तापलोच. "अहो, चांगलं काम केलं म्हणून नापास करता?"

"तुम्ही गप्प बसा हो!" हीच माझ्यावर डाफरली. मग डोळे मिटून तिने बाहीवर बोटं फिरवली. "तो काठीवर कोपर टेकून उभा राहत असणार. त्याची लोकर झिजून मऊ झालीय. माझी अजून बोचते... इथून... इथपर्यंत!"

"सापडलं!" मी एवढ्याने ओरडलो की पहारेकरी धावत आला.

बाईंनी भिंगातून खात्री केली आणि हसल्या. "आता ते उसवा, आणि दिसेल असं करा. उद्यापासून या."

हिने आपलंच रफू टाका-टाका करून उसवलं. मग तिने जरा गडद धागा निवडला.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी आम्ही गर्दीत मागे उभे होतो. काचेपाशी एक अनोळखी बाई वाकली आणि मैत्रिणीला म्हणाली, "अगं, हे रफू बघ! कुणी केलं असेल गं?"

हिने माझा दंड असा आवळला की मी कळवळलो.

"अहो," ही म्हणाली, "दिसलं तिला!"