हिरव्या सायकलची उंच सीट

आमच्या नाक्यावरच्या सायकलवाल्यांइतका गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवण्यात वाकबगार दुकानदार उभ्या कोकणात सापडायचा नाही. दुकान सायकलींचं आणि गाव रत्नागिरी, म्हणजे घराबाहेर पाऊल टाकलं की एक तर चढ, नाही तर उतार. अशा गावात सायकल मागायला येणारा माणूस देवासारखा वाटायला हवा. पण हे गृहस्थ आलेल्याला आधी स्टुलावर बसवून चौकशी करायचे, की सायकल घेऊन रोज जाणार कुठे? ‘व्यायामाला’ असं कोणी म्हणालं की त्याला दोरीवरच्या उड्या सुचवायचे. एक डॉक्टर हेल्मेट, हातमोजे असा सगळा जामानिमा आधीच करून आले होते. त्यांना दर रविवारी गणपतीपुळ्याला जायचं होतं. सायकलवाल्यांनी फार अदबीने विचारलं, आणि सोमवारी? डॉक्टर हातमोज्यांसकट घरी गेले. उलट मांडवीची एक मासळीवाली घरोघर मासे द्यायला सायकल हवी म्हणून आली, तेव्हा यांनी तिच्यासाठी मागचं कॅरिअर दोनदा बदललं आणि माशांची पाटी हलते का बघायला स्वतः ती बांधून परटवण्याच्या वस्तीपर्यंत जाऊन आले. पाटी रिकामी होती, तरी दोन मांजरं मागोमाग दुकानापर्यंत आली.

चढाच्या बाबतीत त्यांचं स्वतंत्र शास्त्र होतं. कुठे जायचं विचारलं तर ते अंतर सांगत नसत, उतरायचं कुठे ते सांगत. पहिला चढ बसून, दुसऱ्याला अर्ध्यावर उतरा, तिसऱ्याचा विचारच करू नका. मी नव्याने सायकल चालवू लागलो तेव्हा चढावर उतरून ढकलताना मला चोरट्यासारखं व्हायचं. त्यांना ते लांबूनच दिसलं असावं. म्हणाले, “उतरायची लाज कसली, भाऊ? सपाटीला ती आपल्याला नेते, चढावाला आपण तिला न्यायची.” हे वाक्य मी पुढे बऱ्याच जणांना माझं म्हणून ऐकवलं. त्याचीही लाज वाटते, पण या हकिगतीत ती फार खालच्या नंबरावर आहे.

दुरुस्तीला टाकलेल्या सायकलची चिठ्ठी ते देत नसत. न्यायला आलात की रांगेकडे हात करून एकच विचारायचे, “कुठची तुमची?” आपली आपण ओळखायची आणि तिच्यावर हात ठेवून ‘ही माझी’ म्हणायचं. ज्याला आपली सायकल ओळखता येत नाही त्याच्याकडे ती सुखाने राहणार नाही, असं त्यांचं मत. एक शिक्षक दुसऱ्याच्याच सायकलवर हात ठेवून बसले, तर त्यांना ‘उद्या नीट आठवून या’ म्हणून घरी पाठवलं होतं. आणि जे न्यायला येतच नसत, त्यांच्या सायकलींना खाऱ्या हवेने गंज चढू नये म्हणून हे रोज त्यातली एक काढून गावभर चक्कर मारायचे. मात्र सीटला हात लावायचे नाहीत. सीट मालकाच्या उंचीची, ती आपण कोण हलवणार? स्वतः जेमतेम पाच फूट. त्यामुळे एखाद्या दिवशी गुडघे हनुवटीला लावून जाताना दिसायचे, तर एखाद्या दिवशी पॅडलला पाय पुरवण्यासाठी डावीउजवीकडे असे काही डुलत, की शेजारून जाणारा रिक्षावाला वेग कमी करायचा.

सगळ्यांत जास्त डुलावं लागायचं ते हिरव्या सायकलवर. ती माझी. मी सहा फुटांचा. ब्रेक लागत नव्हते म्हणून तिथे टाकली, पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे मोटार आली आणि सायकल डोक्यातून गेली ती गेलीच. मोटारीच्या पूजेला पुण्याहून व्याही आले होते. गाडीला झेंडूची माळ, दारात मंडळी, हातात पेढे, आणि समोरच्या चढावरून घामाघूम होत, डुलत हे आले, माझ्याच सायकलवरून. उतरले, पेढा घेतला, मनापासून गाडीचं कौतुक केलं. व्याह्यांना गंमत वाटली. त्यांनी विचारलं, एवढी उंच सायकल तुमचीच का? ते म्हणाले, “नाय, माझी नाय,” आणि माझ्याकडे बघत राहिले. बोलायला मला जागा करून दिली होती. मी हसत म्हणालो, “असेल कोणाची तरी. हे रोज नवी काढतात.” सगळे हसले. त्यांनीही मान डोलावली, “असेल कोणाची तरी” म्हणाले आणि टांग मारून निघून गेले. पुढच्या चढालाही उतरले नाहीत, हे मला अजून दिसतं.

त्यानंतर चार वर्षं मी त्या नाक्यावरून गेलो नाही. बाजारात जायला लांबचा वळसा घेऊ लागलो. तिकडे रस्ता बरा आहे असं घरी सांगितलं. प्रत्यक्षात तिकडे रस्ता असा नव्हताच, खड्ड्यांच्या मधून थोडी थोडी जागा सोडलेली होती. सायकलीला नाही म्हणताना मी त्या माणसालाही ओळखत नसल्यासारखं वागलो, हे मनात सलत होतं आणि ते मी मोटारीच्या काचा वर करून बाहेर ठेवू बघत होतो.

गेल्या महिन्यात बाजारात त्यांची बायको माझ्या बायकोला भेटली. हर्नियाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सायकल बंद केली. तरी ऐकत नाहीत, रोज एकेक सायकल हाताने ढकलत आळीच्या टोकापर्यंत नेतात आणि आणतात. उभ्या राहून टायर बसतील म्हणे. बायकोने जेवताना हे सहज सांगितलं. मला समोरचा भात संपवता आला नाही.

दुसऱ्या सकाळी चालत गेलो. ते बरेच वाळले होते. स्टुलावर बसून चेन पुसत होते. मी म्हणालो, सायकल न्यायला आलोय, दादा. त्यांनी नेहमीसारखा रांगेकडे हात केला.

“कुठची तुमची?”

नऊ सायकली होत्या. हिरवा रंग उडून गेला होता, पण शोधावं लागलं नाही. एक सीट बाकीच्यांपेक्षा वीतभर वर होती. मी तिच्यावर हात ठेवला. “ही माझी,” म्हणालो, आणि हात न काढता, “त्या दिवशीही माझीच होती.”

ते चेन पुसतच राहिले. “ठाऊक हाय की,” म्हणाले. “माझी असती तर सीट खाली नसती घेतली?”

हवा भरलेली होती. ब्रेक लागत होते. पहिल्याच चढाला मी उतरलो आणि मागे वळून पाहिलं, तर ते कमरेवर हात ठेवून दारात उभे होते, मी उतरतो की नाही ते बघत. आता मी रोज त्याच नाक्यावरून जातो. माझे गुडघे पूर्वीचे राहिलेले नाहीत, सीट दोन बोटं खाली घ्यायला हवी. पाना घरात आहे. पण त्यांनी चार वर्षं जी हलवली नाही, ती हलवायला माझा हात होत नाही.